अर्धा लिटर समुद्र

१८ मे, रविवार. मेहरूण, जळगाव

व्हिसा आला आणि फ्रान्सला जायचं नक्की झालं. घरात सगळ्यांना आनंद झाला, एक मला सोडून.

खरं तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच व्हायला हवा होता. बारा वर्षं मी नववीला भूमध्य सागरी हवामान शिकवतेय. भिंतीवरच्या नकाशात फ्रान्सच्या पोटाखाली पट्टी टेकवायची आणि म्हणायचं, "उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. पिकं: द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबाच्या जातीची फळं." पट्टी टेकवून टेकवून त्या जागी आता नकाशाला भोक पडलंय. माझी नणंद पुनम बरोबर त्या भोकात राहते. द्राक्षाच्या मळ्यांना पाणी कधी आणि किती द्यायचं, याच्या संशोधनाचं तिचं काम आहे. तिकडे गेल्यापासून म्हणतेय, "वहिनी, ये ना. एक अख्खा दिवस तुला समुद्रावर सोडून देते. तुझं तू बघ."

समुद्र मी पाहिलाच नाही असं नाही. शाळेची सहल घेऊन अलिबागला गेले होते. पण सगळा वेळ समुद्राकडे पाठ करून पोरं मोजत होते. एक कमी भरलं म्हणून बोंब ठोकली, तर ते शहाळं पीत बसलेलं. तेव्हापासून माझी एकच इच्छा आहे. समुद्राच्या काठावर असं उभं राहायचं, की मागे वळून कुणाला मोजावं लागणार नाही.

जाणार होतो मी आणि पंडित. तिकिटं काढायच्या वेळी नवऱ्याला आठवलं की पेरणीच्या तोंडावर एरंडोलचं ठिबकचं दुकान बंद ठेवता येत नाही. जणू पेरणी यंदाच शोधून काढली कुणीतरी. वर मलाच समजावतो, "तू आणि अक्का जाऊन या. तिचा पासपोर्ट आहेच."

अक्का म्हणजे सासूबाई, झुंबरबाई. पुनम परदेशी गेली तेव्हा त्यांनी आणि नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हौसेने पासपोर्ट काढले होते. मागच्या वर्षी नाना गेले आणि दोघांचे पासपोर्ट कोरेच राहिले. आता अक्कांच्या पासपोर्टला मुहूर्त लागलाय, माझ्या सुट्टीच्या डोक्यावर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं एकच आहे, पण ते शेजारच्या सीटवर बसून येणार आहे.

आमच्या लेकीला, चिऊला, पाचोऱ्याला माझ्या आईकडे सोडायचं ठरलं. तिलाही आनंदच झालाय.

२६ मे, सोमवार. बेझिएजवळचं एक गाव

पोचलो एकदाचे. विमानात अक्कांनी माझा हात सोडला नाही. संडासला गेले तेव्हा दाराबाहेर उभ्या. "माले येकलीले भेव लागस," म्हणाल्या. म्हणजे पुढचे दोन आठवडे कसे जाणार ते मला ढगातच कळलं.

पुनमचं घर गावाच्या कडेला, मागे लगेच द्राक्षाचे मळे. वेली आपल्याकडच्यासारख्या मांडवावर चढवलेल्या नाहीत, कमरेएवढी खुरटी झुडपं ओळीत उभी. ऊन स्वच्छ. जळगावच्या भट्टीतून निघालेल्या अक्का इथे स्वेटर घालून बसल्यात, कारण वारा. डोंगराकडून येणारा कोरडा वारा, त्रामोंतान म्हणतात. दारं आपटतो, साडी उडवतो, बोललेलं अर्धं वाक्य घेऊन जातो. "वारा कितला शे आठे!" हे आज मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच म्हणायला लागले.

मायलेकी दोन वर्षांनी भेटल्या. मला वाटलं, गळ्यात पडतील, रडतील, मी जरा मोकळी होईन. पुनम पाया पडली, अक्कांनी डोक्यावर हात ठेवला, संपलं. जेवताना अक्का मला म्हणतात, "तिले सांग, भाजीमा तिखट नही शे." पुनम समोर बसलीय! पुनम मला म्हणते, "वहिनी, अक्काला विचार, लोणचं देऊ का?" अक्का तिच्या कोपराशी! मी पोळी खाऊ की टपाल वाटू?

२९ मे, गुरुवार

आज समुद्राचा दिवस होता.

इतर दिवशी पुनम कामावर असते आणि अक्कांना परक्या देशात एकटं ठेवता येत नाही. आज तिला सुट्टी होती. ठरलं असं की ती अक्कांजवळ थांबेल आणि मी बसने वाल्रासला जाईन. गाव अगदी समुद्राला चिकटलेलं. पिशवी भरली, टोपी घेतली, थांब्यावर जाऊन बसले. बस नाही. कुत्रंसुद्धा नाही. शेवटी एका आजोबांनी हातवारे करून सांगितलं, त्यांनी बोट आभाळाकडे केलं तेव्हा मला वाटलं बस वरून येणार. पुनमला फोन लावला. आज येशू स्वर्गात गेला, त्याचा सण आहे, म्हणून बस बंद.

पुनम म्हणाली, "थांब, गाडीने सोडते." घरी येऊन बघते तर अक्का पोट धरून बसलेल्या. सकाळी तीन भाकरी खाल्ल्या तेव्हा पोट ठीक होतं. "तू ऱ्हाय ना मनाजोडे," म्हणाल्या. मी राहिले. पुनमने ओव्याचं पाणी केलं आणि माझ्या हातात दिलं, अक्कांना द्यायला.

आज येशूसुद्धा निघून गेला, मी मात्र इथेच.

३१ मे, शनिवार

बेझिएचा बाजार. अक्कांनी प्रत्येक वांगं दाबून पाहिलं. भाजीवाली खेकसली, तिथे गिऱ्हाइकाने भाजीला हात लावायचा नसतो. अक्का अहिराणीत तिच्यावर खेकसल्या. दोघींचं एकमेकींना नेमकं समजलं. मी मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंनी माफी मागत होते. वांगी जांभळी-काळी. आपल्या भरताच्या हिरव्या वांग्यांची सर नाही म्हणून अक्कांनी नाक मुरडलं आणि तरी चार घेतली.

गावाच्या वरच्या टोकाला मोठं चर्च आहे. त्याच्या गच्चीवरून खाली नदी, तिच्यावर जुना पूल, मग मळेच मळे. पुनमने दूर बोट दाखवलं. "वहिनी, ती निळी रेघ दिसतेय ना? समुद्र."

इतका जवळ.

अक्का डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होत्या. मग मला हळूच विचारलं, "तापीपेक्षा मोठा ऱ्हास का व?"

"अक्का, तापी म्हणजे त्याच्यापुढे नाली."

"मंग ते आभाय शे," म्हणाल्या, म्हणजे आभाळ, आणि बाकावर जाऊन बसल्या. यांना काही दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१ जून, रविवार

आज गुडघा.

पुनमने गाडी बाहेर काढली होती. "अक्का, तूही चल की, तिघी जाऊ." अक्का नको म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. इथे खोटं कशाला लिहू? अक्कांना नेलं की पुन्हा सहलच: चप्पल कुठेय, गोळी कुठेय, संडास कुठेय. मी म्हटलं, मी एकटी जाते, तुम्ही दोघी बसा निवांत गप्पा मारत. "दोघी" म्हटल्याबरोबर गुडघा सुरू झाला. असा दुखायला लागला की मलाच तेल चोळावं लागलं. पुनम म्हणाली मी चोळते, तर "ऱ्हाऊ दे, मोनालीना हात माले पुरस." म्हणजे माझा हात पुरतो, आणि माझा दिवस संपतो.

पुनम बाहेर जाऊन गाडीत बसून राहिली. गाडी चालू नाही, काही नाही, नुसतीच काच वर करून बसली होती. तिचाही हिरमोड झाला असणार. तिलाही समुद्र आवडतो.

रात्री पंडितचा फोन. "मजा चाललीय ना?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. अक्का फोनवर म्हणाल्या, "मोनाली मन्ही लई सेवा करी ऱ्हायनी." डोकं भिंतीवर आपटायचं बाकी होतं.

३ जून, मंगळवार

पुनम दुपारी लवकर आली आणि आम्हाला एका वाइन करणाऱ्याच्या तळघरात घेऊन गेली. अक्कांनी दारातच नाकाला पदर लावला. आत थंडगार, मोठमोठी लाकडी पिंपं. एक टाय लावलेला माणूस घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकत होता. चव पाहायची तिथली रीतच तशी. अक्कांनी पदर खाली केला. "इतला मोठला लोक नी थुकतस!" या प्रवासात अक्का खऱ्या अर्थाने हसल्या त्या आज.

मी एक घोट घेतला. हो, घेतला. बारा वर्षं त्या पिकाचं नाव फळ्यावर लिहितेय, चव तरी कळू दे. काढ्यासारखी लागली, नंतर बरी लागली. घेण्याआधी चोरून बघितलं तर अक्का पाठ वळवून भिंतीवरची एक जुनी कात्री निरखत होत्या. कात्रीत बघण्यासारखं काय होतं देव जाणे. पण त्या घोट संपेपर्यंत तिकडेच बघत होत्या. नाहीतर ही बातमी माझ्याआधी एरंडोलला पोचली असती. नशीब म्हणायचं!

समुद्र: नाही. पिशवी तशीच भरून दाराशी ठेवलीय. तिच्याकडे बघितलं की संताप येतो.

५ जून, गुरुवार

आजचं कसं लिहू? हाताला अजून धुराचा वास आहे.

सकाळी अक्का म्हणाल्या, पुनमसाठी भरीत करू. परवा फोनवर कुणाला तरी सांगताना पुनमच्या तोंडून भरताचं नाव निघालं ते यांनी ऐकलेलं. नाना होते तेव्हा दर हिवाळ्यात शेतात भरीत व्हायचं. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात नाना स्वतः वांगी भाजायचे आणि पहिला घास पुनमला. इथे घरामागे भिंतीला लागून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग आहे. वाळून कोळ. इथले लोक थंडीत त्यावर मांस भाजतात, असं पुनमच बोलली होती. अक्का दोन दिवस त्या ढिगाभोवती घिरट्या घालत होत्या. काडी मोडून बघितली, वास घेतला. "आपला कपाशीना काड्याच जश्या," म्हणाल्या.

गॅसवर भाजू म्हटलं तर ऐकेनात. मी मनात हिशेब केला: भरीत झालं की यांचं समाधान होईल, शनिवारी पुनमला सुट्टी आहे, मग मला सोडतील. म्हणून घाई मीच केली. गवतावर विटा मांडल्या, काड्या रचल्या. अक्का वांग्यांना तेल लावायला आत गेल्या आणि आगकाडी मी ओढली.

पोरांना बारा वर्षं कोण सांगतंय? उन्हाळे कोरडे!

वांगी काड्यांवर ठेवली तोवर ठीक होतं. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि पेटती काडी गवतात गेली. गवत चरचरत मळ्याकडे निघालं. मी स्वेटरने झोडपत होते, अक्का चप्पलने. शेजारची म्हातारी पोलेत किंचाळत पाण्याची नळी घेऊन आली. तिनेच बंब बोलावला. लाल गाडी, शिरस्त्राण घातलेली माणसं, एवढ्याशा आगीवर केवढं पाणी! आग भिंतीच्या टोकाशी विझली. मळ्याच्या कडेच्या दोन वेली होरपळल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि तोंडात फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

पुनम धावत आली. इथे उन्हाळाभर उघड्यावर साधी काडी पेटवायची बंदी आहे म्हणे. मागच्या वर्षी अशीच आग लागून डोंगर जळाला होता. बंबाचा साहेब तिला रागावत होता आणि ती मान खाली घालून ऐकत होती. ती इथे वेलींचं संशोधन करते. तिच्याच आईने वेली जाळल्या, आता हे सगळ्या गावाला समजणार.

तो साहेब गेल्यावर ती आमच्याकडे वळली. "कुणी पेटवलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "काडी मीच लाई. तिले बोलू नको."

हा अक्कांचा स्वभावच आहे. कुठलंही काम असो, केलं ते यांनीच. घरात पापड मी लाटते, गल्लीत सांगतात मी लाटले. आज आगीचंसुद्धा श्रेय यांना! मी गप्प बसले. बसायला नको होतं, पण बसले.

मग पुनमचा बांध फुटला. पुनम नेहमी आमच्याशी शहरी मराठी बोलते. आज सरळ अहिराणीत ओरडली. "तू माले एक सबद नही बोलनी इतला दिन! बोल ना एकदाव! नाना गयात नी मी उनी नही! माले तिकीट भेटनं नही, अक्का! तुले काय वाटनं, माले येवानं नव्हतं?" नाना गेले तेव्हा पुनमला येता आलं नव्हतं.

अक्का चिखलात बसल्या होत्या. पाण्यात भिजलेली, अर्धी काळी वांगी एकेक उचलून पदरात घेत होत्या. "मी तुले काही म्हनं का?" एवढंच म्हणाल्या.

"तेच तर! काहीच म्हणाली नाहीस!"

मी आत आले. दोघींच्या मध्ये उभं राहायला आज माझ्यात त्राण नव्हतं.

६ जून, शुक्रवार

पुनमने आज रजा घेतली. सकाळी पोलेतबाईंकडे आणि मळ्याच्या मालकाकडे जाऊन माफी मागून आली. अक्काही गेल्या तिच्याबरोबर, गुडघा विसरून. मला कुणी चल म्हटलं नाही. जिने आग लावली ती घरी, बाकीच्या माफी मागायला!

परत आल्यावर दोघी मागच्या पायरीवर बसल्या. खिडकीतून मला ऐकू येत होतं. कालची वांगी पुनमने ओव्हनमध्ये पुन्हा भाजली होती आणि अक्का सॅलडच्या वाडग्यात वाटीने ठेचत होत्या. आपली भरीत ठेचायची लाकडी बडगी इथे कुठून येणार? पुनमने विचारलं, "नानांच्या अस्थी कुठे सोडल्या?"

"चांगदेवले. तापीमा."

"पाणी होतं?"

"व्हतं ना. लई व्हतं."

मग बराच वेळ नुसती वाटी आपटल्याचा आवाज. मग पुनम रडायला लागली, आणि मग अक्का. पहिला घास अक्कांनी तिला भरवला. भरताला धुराचा नाही, रबराचा वास येत होता. तरी दोघींनी वाडगा संपवला. मला वाटीभर ठेवलं होतं.

संध्याकाळी मी चादरी वाळत घालत होते, तर अक्का आल्या. "सकाय जाय तू समुद्रवर."

"आणि तुम्ही?"

"मी शे आठे, पुनमजोडे."

पोट नाही, गुडघा नाही, भेव नाही! दोन आठवडे मला वेठीला धरलं आणि आज ही सरळ परवानगी. असल्या माणसाचं करायचं काय? वर आणखी एक काम दिलंच. पाण्याची रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. अर्ध्या लिटरची. "समुद्रनं पानी लई ये माले."

आपल्याकडे ही रीतच. कुणी त्र्यंबकला जावो नाही तर तापीकाठच्या प्रकाशाला, घरच्यांसाठी बाटलीत पाणी आणायचं. पण हे काय तीर्थक्षेत्र आहे? मी विचारलं, कशाला.

"बठ्ठ्या नद्या समुद्रमा जातस ना? मंग आपली तापी बी तठेच जास." सगळ्या नद्या म्हणे समुद्रातच जातात.

माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. "अक्का, तापी अरबी समुद्राला मिळते, सुरतेजवळ. हा भूमध्य समुद्र. त्याचा आणि तापीचा काही संबंध नाही."

"पानी ते एकच ना," म्हणाल्या.

वाद घालून उपयोग नव्हता. पिशवीत बाटली टाकली.

७ जून, शनिवार. रात्री

गेले!

बस होती. वेळेवर होती. शेवटच्या थांब्यावर उतरले आणि एका गल्लीच्या टोकाला आभाळ खालपर्यंत आलेलं दिसलं. चप्पल हातात घेऊन पळाले. अडतीस वर्षांची बाई, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून, पळाले.

नकाशात निळा रंग सपाट असतो. हा तसा नव्हता. जवळ हिरवा, पुढे निळा, मग गडद, आणि वाऱ्याने सगळीकडे बारीक चमकणारा. पाण्यात उभी राहिले. सुरुवातीला सवयीने दोनदा मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मोजायला कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा नाही वळले.

कमरेपर्यंत गेले. मग खाली बसले, आणि लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात खारट पाणी. हसू आलं, एकटीलाच, मोठ्याने. मग वाळूत पडून राहिले. झोपले. उठून पुन्हा पाण्यात. कुणाला भूक लागली नव्हती, कुणाला गोळी द्यायची नव्हती. दिवस कसा गेला मला सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही कुणाला. तो माझा आहे.

परतीची बस चुकता चुकता धावत पकडली. केसांत वाळू, कपडे ओले, मन शांत. बेझिएला गाडी बदलायला उतरले, रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि बाटली लागली.

रिकामी.

मागे जायला बस नव्हती. बसथांब्याच्या भिंतीला एक नळ होता. मी इकडेतिकडे पाहिलं, बाटली नळाखाली धरली आणि भरली. पाणी ते एकच ना, असं त्यांनीच सांगितलं होतं.

घरी आले तर मायलेकी सोफ्यावर एकाच पांघरुणात बसून नानांचे जुने फोटो बघत होत्या. अक्कांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "गई ना? देखा ना पोटभर?" एवढंच विचारलं. मला कसंतरी झालं. पण दमले होते, झोप लागली.

१० जून, मंगळवार. विमानतळ

बाटली सामानात, माझ्याच कपड्यांत गुंडाळून. झाकणावर मी चिकटपट्टी लावली. वाटेत फुटली, गळली, तर बरं होईल असं मनात येऊन गेलं. निघताना पुनमने अक्कांना मिठी मारली ती सुटेचना. हिवाळ्यात येते म्हणाली, भरताच्या दिवसांत. मला कानात म्हणाली, "वहिनी, थँक्स. तू नसतीस तर हे झालं नसतं." मी काय केलं? आग लावली.

१४ जून, शनिवार. जळगाव

बाटली गळली नाही.

सोमवारी शाळा. घरभर धूळ, पंडितने एक कप विसळलेला नाही. आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अक्का फ्रान्स सांगतायत: थुंकणारे साहेब, वारा, भाजीवालीशी भांडण. आगीचं एक अक्षर नाही. बाटली त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली असेल असं मी धरून चालले होते. आज फडकं मारताना दिसली. नानांच्या फोटोपुढे आहे. हळदीकुंकू लावलेली, वर एक झेंडूचं फूल.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चांगदेवला सोडलेल्या अस्थी. तापी. बठ्ठ्या नद्या. एवढी भूगोलाची बाई मी, आणि त्यांना सुरतेचा पत्ता सांगत बसले! फडकं हातात धरून उभी राहिले. आता काय सांगू? कुठल्या तोंडाने सांगू की नाना, हे बेझिएच्या बसथांब्यावरच्या नळाचं पाणी आहे?

सांगायचं ठरवलं होतं, खरंच. चहा झाल्यावर सांगायचं. तेवढ्यात शेजारच्या अनवरीभाभी आल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं.

"अक्का, तुम्ही पाहिला का समुद्र?"

"देखा ना. दूरथीन. आभायना जसा."

"आणि हे त्याचंच पाणी? या अल्ला! एक थेंब चाखू द्या ना. मी आयुष्यात पाहिला नाही. खरंच खारं असतं का हो?" भाभींनी हात पुढे केला.

अक्का उठल्या, बाटली उचलून पदराखाली घेतली.

"नको माय. भलतंच खारं शे. गया जयी जाई." गळा जळेल म्हणे!

"तुम्हाला काय माहीत?"

"मी चाखी देखं," अक्का म्हणाल्या.

बाटली परत ठेवताना मी बघितलं. झाकणावर मी लावलेली चिकटपट्टी नव्हती.

अक्कांनी फोटोपुढचं फूल सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोनाली, भाभीले चहा ठेव."

मी स्वयंपाकघरात आले, पातेलं नळाखाली धरलं आणि ते भरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं मला सुचेना.